नुसतं नाव द्यायचं, हाक मारायची नाही

कुसळेवाडीत सखाहरी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा किती? 'दार लोटून घे' म्हटलं, तर बिजागरीतून दार काढून घरी घेऊन यायचा. वय बत्तीस. अंगानं धडधाकट. कुणाला नाही म्हणायचा नाही. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. गावाला तीच भीती होती.

त्याच गावात हौसा राहायची. हौसा सातवी पास. गावच्या पाणी योजनेचा कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होता. आधी दोन वर्षं तो पंचायतीत खोक्यातच पडून होता, कारण शिकलेल्या लोकांना खोकं उघडायची भीती वाटत होती. हौसानं उघडलं. पुस्तक आणलं, वाचलं, चुकली, परत वाचलं, परत चुकली. आता टाकीचा कॉक, नळाचं पाणी आणि पंचायतीवरचा भोंगा ही तिन्ही कामं ती खुर्चीत बसून करायची. शाळा-कॉलेजाशिवाय अक्कल येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी कुसळेवाडीचं पाणी पिऊ नये.

सखाहरीला हौसा आवडायची. तीन ठिकाणची माणसं त्याला बघायला आली होती आणि चहा अर्धा टाकून उठली होती. हौसा त्याच्या घरी आली आणि तिनं चहा पुरा प्यायला. कपबशी खाली ठेवून म्हणाली,

"नवरा भोळा चालंल मला. शहाण्यांचे संसार बघितलेत मी. पण कामाचा पाहिजे. आठ दिवस माझ्या हाताखाली पाण्याचं काम कर. आठव्या दिवशी सांगते, हो का नाही."

"हो का नाही," सखाहरी म्हणाला.

"अरे, ते मी सांगणार."

"बरं."

पहिल्या दिवशी सखाहरी धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून पंचायतीत आला. हौसानं त्याला कॉम्प्युटरपुढं बसवलं.

"बघ. कॉम्प्युटरला काम शिकवून ठेवता येतं. शिकवलेल्या कामाला म्हणायचं कृती. लाडवाची असते तशी. एकेका कृतीला एकेक नाव. ही 'पाणी_सोड'. ही 'भोंगा_वाजव'. नुसतं नाव लिहिलं तर काही होत नाही. नावापुढं कंस घातला, की कॉम्प्युटर त्या कृतीला हाक मारतो आणि काम तिथल्या तिथं होतं."

"कंस? कृष्णाचा मामा?"

"तो नव्हे. या बघ, समोरासमोर बसलेल्या दोन चंद्रकोरी."

"आणि मामा?"

"मामा मथुरेत. तू इकडं बघ. टाकीतनं पाणी निघालं की गावात पोचायला अर्धा तास लागतो. पोचलं की भोंगा वाजला पाहिजे, म्हणजे बायका हंडे घेऊन येतात. पण पाणी पोचलं हे कुणाला कळतं? पाणी_सोडला कळतं. म्हणून तिच्या कंसात भोंग्याच्या कृतीचं नाव ठेवायचं. एका कृतीच्या हातात दुसरी कृती द्यायची. वेळ आली की ती हिला हाक मारील. कळलं?"

"कळलं."

हौसा भाकरी खायला घरी गेली. सखाहरीनं एकेक अक्षर शोधून लिहिलं. पाणी_सोडपुढं कंस घातला. कंसात भोंगा_वाजव लिहिलं. मग थांबून बघत राहिला. पाणी_सोडला कंस आणि भोंग्याला नाही, हा दुजाभाव त्याला बरा वाटेना. भोंगा उघडाबोडका दिसत होता. त्यानं भोंग्यालाही कंस घातला:

पाणी_सोड(भोंगा_वाजव())

कॉम्प्युटरनं आतला कंस आधी पाहिला. भोंगा तिथल्या तिथं वाजला. मग पाणी निघालं.

भोंगा ऐकून गावातल्या साठ बायका हंडे घेऊन नळावर आल्या. नळातून वारा आला. बायका पाव तास थांबल्या. त्यांनी हौसाला शिव्या दिल्या, पंचायतीला दिल्या, उरलेल्या सखाहरीला दिल्या आणि त्या घरी गेल्या. मग पाणी आलं. भोंगा गप्प. त्याचं वाजून झालं होतं. पाणी तासभर गटारातून वाहिलं. पाटलाच्या म्हशींनी बसून अंघोळ केली.

हौसा धावत आली.

"भोंग्याला हाक तू का मारलीस?"

"काम वेळेवर व्हावं म्हणून."

"तू मारायची नाही! ज्याच्या हातात दिलंय, तो मारील. आपण नुसतं नाव द्यायचं, हाक मारायची नाही. काय?"

"नुसतं नाव द्यायचं. हाक मारायची नाही."

सखाहरी हे घोकत घरी गेला. घोकत जेवला. सकाळी घोकत उठला.

दुसऱ्या दिवशी तो हौसाच्या घरी तिची वाट बघत बसला होता. हौसाची आई अनसाबाई चुलीपाशी मिरचीची फोडणी देत होती. तिला जोरात ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं.

"सखाहरी... पाणी... दे रे..."

सखाहरी ताडकन उठला. खिशातून कागद काढला, पेन्सिल काढली, 'पाणी_दे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि कागद अनसाबाईच्या हातात दिला.

"हे... काय?"

"नाव."

"कुणाचं?"

"पाणी द्यायच्या कामाचं. आता हाक तुम्ही मारायची, मावशी. मला मारायची मनाई आहे."

अनसाबाईला हाक मारण्याइतका श्वास नव्हता. ती भिंतीला धरून परसात गेली आणि म्हशीच्या बादलीतलं पाणी प्यायली. हौसा आली तेव्हा म्हैस अनसाबाईकडं बघत होती, अनसाबाई सखाहरीकडं बघत होती आणि सखाहरी कागदाकडं बघत होता. अजून त्याला कुणी हाक मारली नव्हती.

"हा जावई करणार तू?" अनसाबाई म्हणाली. "मला ठसक्यानं मारलं असतं यानं. वर कागद हातात देऊन."

"अरे, कागदानं तहान भागते का?" हौसा म्हणाली. "माणसानं काही मागितलं, तर काम पुरं करायचं आणि झालेलं काम त्याच्या हातात द्यायचं. नाव काय करायचंय त्याला?"

"झालेलं काम हातात द्यायचं," सखाहरी म्हणाला आणि घोकायला लागला. सकाळचं घोकलेलं बाजूला ठेवलं. दोन्ही एकदम मावत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हौसा म्हणाली, "माळावर जा. टाकीवर भागुजी नवीन लागलाय, त्याला टाकी कशी धुवायची ते माहीत नाही. टाकी धुवायची कृती त्याला देऊन ये. तळाचा कॉक उघडायचा, सगळी टाकी काथ्यानं घासायची, स्वच्छ पाणी मारायचं. शनिवारी टाकी रिकामी झाली की तो धुईल."

सखाहरी माळ चढला. भागुजी बाभळीखाली डोळे मिटून पडला होता. सखाहरी त्याच्यापाशी उभा राहिला. कृती द्यायची. कशी द्यायची? झालेलं काम हातात द्यायचं. त्यानं भागुजीला उठवलं नाही. तळाचा कॉक उघडला.

टाकी काठोकाठ भरलेली होती. चाळीस हजार लिटर. पाणी माळावरून उतरलं. खालच्या आळीतल्या कोंबड्या चार घरं पुढं गेल्या. एक खाट मारुतीच्या पारापर्यंत गेली. खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयाही गेल्या. सखाहरी टाकीत उतरला, दोन तास काथ्यानं घासत बसला, आणि घामाघूम होऊन वर आला. मग त्यानं भागुजीला उठवलं.

"घ्या. टाकी."

भागुजीनं शिडी चढून आत पाहिलं. आत इतकी स्वच्छता होती की त्याला आपलंच तोंड दिसलं.

"कुणी धुतली?"

"मी. झालेलं काम आहे. हातात धरा."

"आणि पाणी?"

"पाण्याचं मला काही सांगितलं नव्हतं."

गावाला दोन दिवस पाणी नव्हतं. शेजारच्या गावाहून टँकर आणावा लागला. टँकरवाल्यानं चारचौघांत विचारलं, "तुमच्यात ती कॉम्प्युटरवाली बाई आहे ना?" हौसा ओरडली नाही. ती ओरडली नाही हे बघून अनसाबाई घाबरली.

"सखाहरी," हौसा सावकाश म्हणाली, "मी काय म्हणाले होते? 'टाकी रिकामी झाली की तो धुईल.' त्यातली 'की' ऐकलीस?"

"ऐकली."

"मग? 'की' आली की थांबायचं. तिच्या अलीकडचं झाल्याबिगर पलीकडचं करायचं नाही. पाणी पोचलं की भोंगा. टाकी रिकामी झाली की धुणं. सगळं काम त्या एका 'की'वर चालतं."

"'की' आली की थांबायचं," सखाहरी म्हणाला, आणि स्वतःच्याच वाक्यात 'की' आल्यामुळं बराच वेळ थांबला.

चौथ्या आणि पाचव्या दिवशी पाणीच नव्हतं, त्यामुळं काम नव्हतं, त्यामुळं चूक झाली नाही. हौसानं ते दोन्ही दिवस त्याच्या बाजूनं धरले. न्यायानं वागणारी बाई होती.

सहाव्या दिवशी तिनं त्याला आपल्या रंगरावमामांकडं पाठवलं. हौसाला वडील नव्हते. मामांनी मान हलवल्याशिवाय घरात लग्न होत नव्हतं. मामा पलीकडच्या गावात राहायचे.

"काही करू नको," हौसा म्हणाली. "नुसता भेटून ये. ते सांगतील तसं वाग."

सखाहरी भर उन्हात मामांच्या दारात पोचला. मामा सोप्यावर सुपारी कातरत होते.

"आलास व्हय? ये की!" मामा म्हणाले.

सखाहरी उंबऱ्याबाहेर थांबला. 'की' आली होती.

"आरं, ये की आत!"

"की काय, मामा?"

"की काय म्हंजे?"

"कीच्या पुढं काय?"

"पुढं सोपा हाय! ये की!"

सखाहरी थांबला. मामी चहा घेऊन बाहेर आल्या.

"बसा की, पाव्हणं. घ्या की चहा."

सखाहरी बसला नाही. चहा घेतला नाही. चहावर साय आली. सायीवर माशी आली.

"उन्हात का उभं राहिलाय? बोला की काहीतरी!"

सखाहरी बोलला नाही. आता सगळ्या 'की' त्याच्या डोक्यावर उभ्या होत्या आणि एकीच्याही पुढचं कुणी सांगत नव्हतं. त्यानं घाम पुसला नाही. तेवढं मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. तासाभरानं शेजारपाजारची माणसं बघायला जमली. एका म्हातारीनं नमस्कार केला. तिला वाटलं, कुणी बुवा आहे.

मामांनी हौसाला फोन लावला.

"पोरी, माणूस पाठवलायस का खांब? आगं, त्याचं नुसतं नाव कळवलं असतंस, तर मी हितनंच हो म्हटलं असतं. घर चांगलं, आई चांगली. तो सोता आला आणि सगळा घोटाळा झाला."

हौसानं काय झालं ते विचारलं. मामांनी सांगितलं. सांगताना त्यांचा राग वाढत गेला आणि ऐकताना हौसाचा उतरत गेला. सांगितलेलं मोडायचं नाही म्हणून तासभर उन्हात उभा राहणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता. गावातले शहाणे सावलीत बसूनसुद्धा बाईचं ऐकत नव्हते. पाणीपट्टीचा फॉर्म भरा म्हणून ती वर्षभर सांगत होती, एकानं भरला नव्हता. तिला हसू आलं. हसतच तिनं मामांची समजूत काढली. मामांनी शेवटी मान हलवली. फोनवर ती दिसली नाही, म्हणून परत तोंडानं 'बरं' म्हणाले.

संध्याकाळी सखाहरी भाजून परत आला. हौसानं त्याला ताक दिलं.

"मामा म्हणतात ते खरंय. तू स्वतः गेलास तिथंच चुकलं. इथून पुढं असं कुठं काम निघालं, तर स्वतः पुढं पुढं करायचं नाही. नाव पाठवून द्यायचं. गरज पडली तर ते हाक मारतील, तेव्हा जायचं."

"नाव पाठवायचं. हाक आल्यावर जायचं."

"आणि शेवटाला आलेल्या 'की'ला काही अर्थ नसतो. 'बस की', 'खा की', ती मायेची 'की'. ती सोडून द्यायची आणि आधीचं तेवढं लगेच करायचं."

"मायेची सोडायची. आधीचं लगेच करायचं."

सातव्या दिवशी हौसानं त्याला दिवसभर खुर्चीवर बसवून ठेवलं. तो बसला. आठव्या दिवशी ती म्हणाली, "हो."

"हो का नाही?"

"हो."

सखाहरी एवढा खूश झाला, की त्यानं भोंगा वाजवला असता. पण हौसानं प्लग आधीच काढून ठेवला होता.

लग्न सोमवारी ठरलं. बारा वाजून पाच मिनिटांनी, पंचायतीपुढच्या मैदानात. मांडव पडला. गाव जमलं. हौसा हिरव्या शालूत हार घेऊन उभी राहिली. दोन माणसांनी अंतरपाट धरला. भटजी म्हातारे होते, अंगानं वाळलेल्या शेंगेसारखे, पण आवाज खणखणीत. मंगलाष्टकं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि अंतरपाटाच्या पलीकडं पाहिलं. पाटावर एक कागद होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर सुपारी ठेवली होती. कागदावर लिहिलं होतं: सखाहरी.

"वर कुठं आहे?" भटजींनी विचारलं.

"नाव पाठवलंय त्यानं," सखाहरीची आई म्हणाली. तिनंच तो कागद आणून ठेवला होता.

"आणि सोता?" मामा ओरडले.

"घरी बसलाय. बाशिंग बांधून. हाक आली की येतो म्हणाला."

मामा डोकं धरून खाली बसले. भटजींनी घड्याळ पाहिलं. बाराला दोन मिनिटं कमी होती. हौसानं हार डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं मांडवातला माईक ओढला.

"सखाहरीऽऽऽ!"

पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. नवऱ्याला नावानं हाक! आणि तीही कर्ण्यातनं!

"अजून व्हायचाय," हौसा माईकवर म्हणाली.

सखाहरी धावत आला. त्यानं पाटावरचं नाव उचललं, नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि त्याच्या जागी स्वतः उभा राहिला. भटजी एका बाजूच्या पाटावर चढून मंगलाष्टकं म्हणू लागले. 'सावधान' झालं. अंतरपाट दूर झाला. हौसानं त्याच्या गळ्यात हार घातला. आता त्याची पाळी. हार हातात धरून सखाहरी उभा राहिला.

"घाल की!" मामा म्हणाले.

"घाल की, सखाहरी!" सगळा मांडव म्हणाला. "घाल की! घाल की!"

सखाहरीनं मायेची 'की' सोडून दिली. राहिलं 'घाल'. ते लगेच करायचं होतं. कुणाच्या गळ्यात, ते चारशे माणसांत कुणी म्हणालं नव्हतं. सगळ्यांत जवळची मान भटजींची होती. त्यानं भटजींच्या गळ्यात हार घातला.

अक्षता मांडवाच्या मुठीतच राहिल्या.

हौसानं डोळे मिटले. "चूक त्याची नाही," ती स्वतःशी पुटपुटली. "आपणच कंस रिकामा ठेवला." आता काही म्हणजे काही सांगायचं शिल्लक ठेवायचं नाही असं ठरवून तिनं डोळे उघडले. कधी घालायचं, कुणाच्या गळ्यात घालायचं, सगळं सांगायचं.

"सखाहरी, ऐक." तिनं भटजींच्या गळ्यातल्या हाराकडं बोट केलं. "त्या पाटावरनं काढ. माझ्या गळ्यात घाल. आत्ताच्या आत्ता."

सखाहरीनं पाटाकडं पाहिलं. पाटावर भटजी होते.

त्यानं भटजींना कमरेला धरून पाटावरून काढलं आणि हौसाच्या गळ्यात घातलं.

भटजी पडायला नको म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी हौसाच्या मानेला घट्ट मिठी मारली. मामांनी बँडवाल्यांना बजावून ठेवलं होतं, नवरीच्या गळ्यात पडलं की वाजवा. काय पडलं की, ते सांगितलं नव्हतं. पडलेलं बँडवाल्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि वाजवलं. बँड वाजला, म्हणून चारशे माणसांनी अक्षता टाकल्या. भटजींची बायको पहिल्या रांगेत बसली होती. तिनंही टाकल्या, आणि मग ती उठून उभी राहिली.

सखाहरीनं कपाळावरचा घाम पुसला. त्याच्या हातून पहिल्यांदाच एखादं काम सांगितल्याबरोबर, सांगितलं तसं, पुरं झालं होतं. बाशिंग नीट करून तो ऐटीत चालत गेला आणि आपल्या लग्नाचं जेवायला पहिल्या पंगतीत जाऊन बसला.